एमडीनंतरची फेलोशिप : मानसोपचारतज्ज्ञ पुढे काय शिकतात आणि सोलापूरला त्याचा काय उपयोग

सोलापुरात एखाद्या घरात मानसिक आजाराची शंका येते, तेव्हा नातेवाईक ओळखीपाळखीत विचारणा करून चांगल्या डॉक्टरांचे नाव मिळवतात आणि शोध तेथेच थांबतो. छातीत दुखू लागले तर हृदयविकारतज्ज्ञ, मूतखडा झाला तर युरोलॉजिस्ट, हा फरक आता खेड्यापाड्यांतही लोकांना ठाऊक आहे. मानसोपचार ही मात्र एकच अखंड शाखा आहे, असा समज शहरातही टिकून आहे. प्रत्यक्षात लहान मुलांचे, वृद्धांचे, व्यसनांचे, बाळंतपणाच्या काळातले, कायद्याशी निगडित आणि शरीराच्या आजारांसोबत येणारे मानसिक विकार या सर्वांच्या स्वतंत्र उपशाखा झालेल्या आहेत आणि त्यांचे शिक्षण एमडी झाल्यानंतर वेगळे घ्यावे लागते. त्या शिक्षणाचा एक महत्त्वाचा मार्ग म्हणजे फेलोशिप. ही फेलोशिप नेमकी काय असते, तिच्यात डॉक्टर काय शिकतो आणि आपल्यासारख्या जिल्ह्याला तिचा उपयोग कसा होऊ शकतो, हे रुग्णांच्या कुटुंबीयांना आणि या वाटेने जाऊ इच्छिणाऱ्या विद्यार्थ्यांना कळावे, यासाठी हा लेख लिहीत आहे.

आधी मूळ वाट पाहू. बारावीनंतर साडेचार वर्षांचा एमबीबीएसचा अभ्यासक्रम आणि एक वर्षाची इंटर्नशिप पूर्ण झाली, की नीट-पीजी किंवा तशाच प्रवेश परीक्षेतून मनोविकारशास्त्रात एमडी किंवा तिच्या समकक्ष डीएनबीसाठी प्रवेश मिळतो. हे शिक्षण तीन वर्षांचे असते. पूर्वी डीपीएम हा दोन वर्षांचा डिप्लोमाही मोठ्या प्रमाणावर दिला जात असे आणि आज व्यवसायात असलेल्या अनेक अनुभवी डॉक्टरांकडे तीच पात्रता आहे. समुपदेशक आणि क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट यांचे शिक्षण वेगळ्या वाटेने होते. ते औषधे लिहून देत नाहीत आणि हा लेख त्यांच्या शिक्षणाविषयी नाही.

एमडीच्या तीन वर्षांत निवासी डॉक्टर ओपीडी चालवतो, वॉर्ड सांभाळतो, रात्रीच्या ड्युटीत तातडीचे रुग्ण पाहतो, प्रबंध लिहितो आणि न्यूरॉलॉजी, मेडिसिन यांसारख्या विभागांत काही काळ काम करतो. स्किझोफ्रेनिया, द्विध्रुवीय विकार, नैराश्य, चिंताविकार आणि दारूचे व्यसन यांवर उपचार करण्याइतका तो या काळात तयार होतो आणि व्हायलाच हवा, कारण कोणत्याही जिल्ह्यात बहुसंख्य रुग्ण याच आजारांचे असतात. उणीव राहते ती अशा रुग्णांच्या बाबतीत, जे साधारण मनोविकार विभागात क्वचित येतात. प्रसूतीनंतर दहा दिवसांत भ्रमिष्ट झालेली स्त्री, बोलणे उशिरा आलेले अडीच वर्षांचे मूल, खटल्याला उभे राहण्याइतकी मानसिक क्षमता आहे का हे तपासण्यासाठी न्यायालयाने पाठवलेला आरोपी, असे रुग्ण शिकणाऱ्याच्या वाट्याला तीन वर्षांत मोजकेच येतात. पुस्तकातून त्यांची माहिती होते. पण हाताखालून पुरेसे रुग्ण गेल्याशिवाय निर्णयातला संकोच जात नाही.

फेलोशिपचे मर्म माझ्या मते इथेच आहे. फेलो म्हणून दाखल झालेला डॉक्टर आधीच मानसोपचारतज्ज्ञ असतो. त्याला स्वतंत्रपणे उपचार करण्याचा अधिकार असतो. तरीही तो ठरावीक काळासाठी एकाच प्रकारच्या रुग्णांमध्ये, त्या विषयात आयुष्य घालवलेल्या शिक्षकांच्या देखरेखीखाली काम करतो. रुग्णाची पहिली मुलाखत तो घेतो, निदान मांडतो, उपचारांची योजना सुचवतो आणि मग ते सर्व वरिष्ठांसमोर तपासले जाते. इथे मुद्दा कशामुळे निसटला, आईला विचारलेला प्रश्न मुलासमोर का विचारायला नको होता, हे औषध या वयात का टाळायचे, अशी ही तपासणी त्याच आठवड्यात, त्याच रुग्णाच्या संदर्भात होते. देखरेखीखाली झालेली ही पुनरावृत्ती वगळली, तर फेलोशिपमध्ये फक्त व्याख्याने उरतात आणि ती कुठेही ऐकता येतात.

आपल्या देशात या प्रगत शिक्षणाचे दोन मुख्य प्रकार आहेत आणि त्यांतला फरक समजून घेणे आवश्यक आहे. पहिला प्रकार डीएमचा. ही तीन वर्षांची सुपरस्पेशालिटी पदवी आहे आणि तिच्यासाठी एमडीनंतर पुन्हा राष्ट्रीय पातळीवरची प्रवेश परीक्षा द्यावी लागते. बंगळुरूच्या निम्हान्स या संस्थेत बाल व किशोर मनोविकारशास्त्रातील डीएम करता येते; व्यसनविकारांतील डीएम दिल्लीच्या एम्समध्ये आहे आणि लखनौच्या किंग जॉर्ज वैद्यकीय विद्यापीठात वृद्धांच्या मानसिक आरोग्यातील डीएम आहे. देशाचा आकार पाहता या सर्व जागा मिळूनही संख्या फार थोडी भरते. दुसरा प्रकार पोस्ट डॉक्टरल फेलोशिपचा. निम्हान्समध्ये ती बहुतांशी एका वर्षाची असते आणि बाल मनोविकार, व्यसनविकार, वृद्धांचे मनोविकार, सामुदायिक मानसिक आरोग्य, न्यायवैद्यक मनोविकारशास्त्र, स्त्रियांचे मानसिक आरोग्य, मंत्रचळ म्हणजे ओसीडी, शरीराच्या आजारांसोबतचे मनोविकार पाहणारी लिएझाँ सायकिअ‍ॅट्री असे तिचे अनेक विषय आहेत. डीएममध्ये संशोधन आणि अध्यापन यांची तयारी अधिक असते. एक वर्षाच्या फेलोशिपचा भर रुग्णसेवेतील कौशल्यावर असतो. फेलोशिप ही डीएमच्या तोडीची पदवी मानली जात नाही, हे विद्यार्थ्यांनी आधीच लक्षात घ्यावे.

निम्हान्सचा उल्लेख वारंवार येतो, त्याला कारण आहे. १९५४ मध्ये स्थापन झालेली अखिल भारतीय मानसिक आरोग्य संस्था आणि तेथील जुने सरकारी मनोरुग्णालय यांच्या एकत्रीकरणातून १९७४ मध्ये ही संस्था उभी राहिली आणि २०१२ मध्ये तिला राष्ट्रीय महत्त्वाच्या संस्थेचा दर्जा मिळाला. उपशाखेचे शिक्षण देण्यासाठी एकाच प्रकारचे रुग्ण मोठ्या संख्येने एका छताखाली यावे लागतात आणि तसे फार थोड्या ठिकाणी घडते. प्रसूतीनंतर गंभीर आजारी झालेल्या आईला बाळासह दाखल करून घेणारा स्वतंत्र विभाग तिथे आहे. असा विभाग नसलेल्या ठिकाणी हा विषय खऱ्या अर्थाने शिकवता येत नाही.

आता उपशाखांकडे वळू. सर्वांना सारखी जागा देण्यापेक्षा सोलापूरसारख्या जिल्ह्यात सर्वाधिक गरज असलेल्या आणि तरीही सर्वांत कमी ठाऊक असलेल्या उपशाखेपासून सुरुवात करणे मला योग्य वाटते.

ती म्हणजे लिएझाँ सायकिअ‍ॅट्री, अर्थात मेडिसिन, सर्जरी, आयसीयू, कर्करोग, डायलिसिस अशा अन्य विभागांत दाखल असलेल्या रुग्णांच्या मानसिक स्थितीचा विचार करणारी शाखा. एक उदाहरण घेऊ. अक्कलकोट किंवा मोहोळ तालुक्यातून कीटकनाशक प्यायलेला तरुण शेतकरी सिव्हिल हॉस्पिटलमध्ये दाखल होतो. विष ऑर्गनोफॉस्फरस गटातले असेल, तर त्याला ॲट्रोपिन हा उतारा द्यावा लागतो. तिसऱ्या दिवशी तो असंबद्ध बोलू लागतो, हवेत हात फिरवतो, सलाईन उपसून काढतो. हा ॲट्रोपिनचा परिणाम आहे का? तो रोज दारू पिणारा होता आणि दाखल झाल्यापासून दारू बंद झाल्यामुळे हा अंगाला कंप सुटून येणारा गंभीर भ्रम, म्हणजे डेलिरियम ट्रेमेन्स, सुरू झाला आहे का, जो साधारणपणे शेवटच्या घोटानंतर दोन ते चार दिवसांत येतो? मेंदूला प्राणवायू कमी पडला का? की मुळातच एखादा मनोविकार होता आणि त्यातूनच विष घेतले गेले? या चारही शक्यतांचे उपचार निरनिराळे आहेत आणि एकाचे औषध दुसऱ्या स्थितीत अपायकारक ठरू शकते. ॲट्रोपिनमुळे भ्रम झाला असेल, तर मात्रा कमी करावी लागते; दारू सुटल्यामुळे झाला असेल, तर बेंझोडायझेपिन हे गुंगी आणणारे औषध आणि थायमिन हे जीवनसत्त्व वेळेवर द्यावे लागते; आणि श्वासाचे स्नायू विषाने आधीच दुर्बळ झालेले असताना गुंगीचे औषध देणे ही जोखीम असते. फिजिशियन आणि मानसोपचारतज्ज्ञ यांनी खाटेशेजारी उभे राहून एकत्र निर्णय घेण्याचा हा प्रसंग आहे आणि लिएझाँ फेलोशिपमध्ये वर्षभर हेच काम केले जाते.

रुग्ण वाचल्यानंतरचा भाग तितकाच महत्त्वाचा आहे. मानसिक आरोग्यसेवा अधिनियम २०१७ हा कायदा २९ मे २०१८ पासून लागू झाला. त्याच्या कलम ११५ नुसार आत्महत्येचा प्रयत्न करणारी व्यक्ती तीव्र तणावाखाली होती असे, अन्यथा सिद्ध होईपर्यंत, गृहीत धरले जाते आणि तिला उपचार व पुनर्वसन मिळेल याची व्यवस्था करणे हे शासनाचे कर्तव्य ठरते. तरीही विष उतरले, की रुग्णाला घरी पाठवण्याची घाई अनेक ठिकाणी होते. घरी पाठवण्याआधी पुन्हा प्रयत्न होण्याची जोखीम किती आहे हे तपासणे, कीटकनाशक घरात कुलपाआड ठेवायला सांगणे, घरच्यांना सोबत घेऊन पुढच्या भेटीची तारीख पक्की करणे, ही कामे वाटतात तितकी साधी नाहीत. ती शिकावी लागतात.

वृद्धांच्या बाबतीत गफलत वेगळ्या जागी होते. आजोबा रात्री ओरडतात, ओळख विसरतात, म्हणून त्यांना स्मृतिभ्रंश झाला असे घर ठरवून टाकते. पण हा बदल दोन-चार दिवसांत झाला असेल आणि दिवसभरात कमीजास्त होत असेल, तर तो बहुधा डेलिरियम, म्हणजे शारीरिक कारणाने अचानक आलेला भ्रम, असतो आणि त्यामागे लघवीच्या मार्गातला संसर्ग, रक्तातले सोडियम घटणे किंवा एखादे नवे औषध असू शकते. स्मृतिभ्रंश महिनोन्‌महिने सावकाश वाढतो. तिसरी शक्यता नैराश्याची. त्यातही विसराळूपणा दिसतो आणि तो उपचारांनी बरा होऊ शकतो. या शाखेतला फेलो औषधे सुरू करण्याइतकाच औषधे बंद करण्याचाही अभ्यास करतो. मनोविकारांच्या औषधांसोबत सर्रास दिली जाणारी ट्रायहेक्सिफेनिडिलची गोळी वृद्धांची स्मरणशक्ती आणखी मंदावते, नैराश्यावरच्या काही गोळ्यांनी सोडियम उतरते आणि स्मृतिभ्रंशाच्या रुग्णांत अँटिसायकोटिक म्हणजे भ्रम-भासांवरच्या औषधांमुळे मृत्यूचा धोका वाढतो, असा इशारा अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २००५ मध्येच दिला होता. घरातली तरुण मंडळी पुण्या-मुंबईला आणि वडीलधारी माणसे सोलापुरात, अशी कुटुंबे वाढत असताना हे ज्ञान असलेला डॉक्टर जवळ असणे फार मोलाचे आहे.

बाल व किशोर मनोविकारशास्त्रात डॉक्टरला निरीक्षणाची पद्धतच नव्याने शिकावी लागते. मूल आपली तक्रार मोठ्यांसारखी सांगत नाही. नैराश्य आलेला बारा वर्षांचा मुलगा उदास दिसण्याऐवजी चिडचिडा होतो, शाळेच्या वेळी त्याचे पोट दुखते आणि पालक आधी बालरोगतज्ज्ञांकडे, मग सोनोग्राफीला जातात. हाक मारली असता न पाहणारे, बोट दाखवून वस्तू न मागणारे दीड-दोन वर्षांचे मूल स्वमग्न आहे का, हे त्याच्याशी जमिनीवर बसून खेळताना कळते. टेबलाच्या पलीकडे बसून कळत नाही. फेलो खेळाचे निरीक्षण करायला, पालकांना प्रशिक्षण द्यायला आणि शिक्षकांशी बोलायला शिकतो. किशोरवयीनांना नैराश्यावरची औषधे सुरू केल्यावर पहिले काही आठवडे आत्मघाती विचारांवर बारीक लक्ष ठेवावे लागते, तेही त्याच्या अंगवळणी पडते. मुलांवरील लैंगिक अत्याचारांविरुद्धच्या २०१२ च्या पॉक्सो कायद्याखालील प्रकरणात पीडित मुलाशी बोलताना त्याच्या वेदनेत भर पडू नये आणि जबाबाची विश्वासार्हताही टिकावी, ही दुहेरी जबाबदारी तर देखरेखीशिवाय पेलणे अवघड आहे.

बाळंतपणाशी निगडित मनोविकारांविषयी आपल्याकडे बोलले जात नाही. दर हजार प्रसूतींमागे एक ते दोन स्त्रियांना प्रसूतीनंतरचा गंभीर मनोविकार होतो आणि तो बहुधा पहिल्या दोन आठवड्यांतच सुरू होतो. त्या वेळी स्त्री माहेरी असते. तिची झोप उडते, ती संशय घेऊ लागते, कधी बाळाविषयी विचित्र बोलते आणि घरचे लोक बाहेरची बाधा समजून देवऋषीकडे जातात, असे अजूनही घडते. त्यांना दोष देण्यात अर्थ नाही, कारण हा तातडीचा आजार आहे हे त्यांना कोणी सांगितलेलेच नसते. या शाखेत शिकलेला डॉक्टर गरोदरपण ठरण्याआधीपासून विचार करतो. व्हॅलप्रोएट हे औषध गर्भाच्या मज्जारज्जूच्या जडणघडणीला घातक असल्याने मूल होऊ शकेल अशा वयातल्या स्त्रीला ते शक्यतो टाळायचे असते. उलट, भीतीपोटी सगळीच औषधे एकाएकी थांबवली, तर आजार उलटतो आणि आई व बाळ दोघांनाही धोका पोहोचतो. स्तनपान चालू ठेवून कोणती औषधे देता येतात, याचाही निर्णय करावा लागतो.

व्यसनविकारांची उपशाखा लोकांना तुलनेने ठाऊक आहे, कारण पुण्याच्या मुक्तांगणसारख्या १९८६ पासून चालत आलेल्या केंद्राचे नाव मराठी घरांत परिचित आहे. केंद्रातले पुनर्वसन आणि व्यसनविकारांचे वैद्यकीय शिक्षण या परस्परपूरक गोष्टी आहेत. अफूजन्य पदार्थांच्या व्यसनात ब्युप्रेनॉर्फिनने दीर्घकालीन उपचार कसा करावा, यकृत बिघडलेल्या माणसाची दारू सोडवताना कोणते औषध निवडावे आणि सोडण्याची इच्छाच नसलेल्या माणसाशी उपदेश न करता कसे बोलावे, हे या फेलोशिपमध्ये शिकवले जाते. न्यायवैद्यक शाखेत भारतीय न्याय संहितेच्या कलम २२ खालील मनोविकाराच्या आधारावरचा बचाव, संमती देण्याची क्षमता, मृत्युपत्राची वैधता आणि न्यायालयासमोर साक्ष हे विषय येतात. मेंदू-उत्तेजनाच्या फेलोशिपमध्ये ईसीटी म्हणजे विजेच्या झटक्यांचा उपचार आणि आरटीएमएस म्हणजे चुंबकीय स्पंदांचा उपचार शिकवला जातो. भूल दिल्याशिवाय ईसीटी देण्यास २०१७ च्या कायद्याने बंदी आहे, हे रुग्णांच्या नातेवाइकांनीही जाणून असावे.

परदेशी जाणाऱ्या विद्यार्थ्यांसाठी थोडक्यात. अमेरिकेत चार वर्षांच्या रेसिडेन्सीनंतर व्यसन, न्यायवैद्यक, वृद्ध आणि लिएझाँ या फेलोशिप एक वर्षाच्या असतात. बाल मनोविकाराची दोन वर्षांची असते आणि ती रेसिडेन्सीच्या तिसऱ्या वर्षानंतरही सुरू करता येते. तेथे बाल मनोविकारशास्त्राचे स्वतंत्र प्रमाणपत्र १९५९ पासून दिले जाते. ब्रिटनमध्ये तीन वर्षांच्या प्राथमिक प्रशिक्षणात एमआरसीसायक परीक्षा आणि त्यानंतर तीन वर्षांचे उच्च प्रशिक्षण अशी रचना आहे.

नावापुढील अक्षरे वाचताना सावधगिरी बाळगावी, असे मला आग्रहाने सांगायचे आहे. काही संघटना आपल्या जुन्या सदस्यांना फेलो म्हणतात. तो सन्मान असतो, शिक्षण नव्हे. काही दिवसांच्या, पूर्णपणे ऑनलाइन अभ्यासक्रमांनाही फेलोशिप हे नाव दिले जाते. त्यांतून ज्ञान वाढत असेल. पण वर्षभर रुग्णालयात राहून केलेल्या शिक्षणाशी त्यांची बरोबरी होत नाही. किती काळ, कोणत्या संस्थेत आणि प्रत्यक्ष रुग्णांसोबत का, हे तीन प्रश्न डॉक्टरांना आदराने विचारण्यात काहीही गैर नाही आणि खरोखर शिकलेला डॉक्टर त्यांची उत्तरे आनंदाने देतो.

सोलापूरचा विचार करताना एक गोष्ट ठळकपणे दिसते. आपल्या विभागाचे मोठे शासकीय मनोरुग्णालय पुण्याला येरवड्यात आहे. उपशाखेच्या सल्ल्यासाठी पुणे, हैदराबाद किंवा बंगळुरू गाठावे लागते आणि विडी वळणाऱ्या किंवा यंत्रमागावर काम करणाऱ्या कुटुंबाला दोन दिवसांची मजुरी बुडवून असा प्रवास वारंवार परवडत नाही. २०१५-१६ च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात विविध विकारांसाठी उपचारांपासून वंचित राहणाऱ्यांचे प्रमाण ७० ते ९२ टक्के आढळले. त्या चित्रात अंतराचाही वाटा आहेच. म्हणून जिल्ह्याच्या दृष्टीने एका वर्षाची फेलोशिप मला डीएमपेक्षा अधिक उपयुक्त वाटते. इथे परतणाऱ्या डॉक्टरला फक्त मुले किंवा फक्त वृद्ध पाहून चालणार नाही. सगळ्याच प्रकारचे रुग्ण त्याच्याकडे येणार. मात्र एका विषयात तो इतरांपेक्षा खोलवर शिकलेला असेल, तर शहरातले बाकीचे मानसोपचारतज्ज्ञ, बालरोगतज्ज्ञ आणि स्त्रीरोगतज्ज्ञ त्या विषयातले अवघड रुग्ण त्याच्याकडे पाठवू शकतील. असे तीन-चार विषय तीन-चार डॉक्टरांनी वाटून घेतले, तरी बाहेरगावच्या बऱ्याचशा फेऱ्या वाचतील.

भाषेचा लाभही आपल्या बाजूने आहे. मराठीबरोबर तेलुगू, कन्नड आणि दखनी उर्दू कानावर पडत वाढलेला सोलापूरचा डॉक्टर बंगळुरूच्या ओपीडीत परका ठरत नाही, आणि परतल्यावर शहराच्या पूर्व भागातल्या तेलुगूभाषक आजीची मुलाखत दुभाष्याविना घेऊ शकतो. मानसोपचारात तपासणीचे मुख्य साधन संवाद हेच असल्यामुळे या गोष्टीचे मोल फार आहे.

अडचणी खऱ्या आहेत. एमडीनंतर शासकीय बंधपत्राची सेवा, शिक्षणासाठी काढलेले कर्ज, लग्न आणि घरची जबाबदारी एकाच वेळी समोर येतात. अशा वयात आणखी एक वर्ष मर्यादित विद्यावेतनावर काढणे अनेकांना शक्य होत नाही. याबाबतीत डॉ. वैशंपायन स्मृती शासकीय वैद्यकीय महाविद्यालयासारख्या संस्थांना बरेच करता येण्यासारखे आहे. फेलोशिपला जाणाऱ्या अध्यापकाला पगारी रजा देणे आणि परतल्यावर त्याला त्या विषयाची स्वतंत्र साप्ताहिक ओपीडी व मेडिसिन विभागासोबतचा नियमित संयुक्त राउंड सोपवणे, एवढी व्यवस्था झाली, तर त्याने शिकलेले निवासी डॉक्टरांपर्यंत पोहोचेल आणि पुढची तुकडी एमडी करतानाच ते पाहू लागेल. ज्यांना आज, या घडीला मदत हवी आहे, त्यांच्यासाठी केंद्र शासनाची टेली-मानस सेवा १४४१६ या क्रमांकावर विनामूल्य उपलब्ध आहे.